काचेआडचं ऊन

बसवराज अण्णांनी टायर माझ्या टेबलावर आपटला आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, कंपनीला धडा शिकवायचा हाय. रिपोर्ट द्या मला. असा द्या की त्यांची बोबडी वळली पायजे."

"आधी बसा. कुणाला लागलंय का?"

"लागलं न्हाय. पर लागलं असतं की!"

रविवारची सकाळ होती. माझा चहा अर्धाच झाला होता. अण्णांचं शाहूपुरीत सायकलचं दुकान आहे. पेपर टाकणाऱ्यांच्या साध्या सायकलीपासून रेसच्या महागड्या सायकलीपर्यंत सगळं ठेवतात. हा टायर त्यांनी बँकेतल्या एका गृहस्थांना विकला होता. त्यांनी आदल्या दिवशी दुपारी सायकल व्हरांड्यात उभी केली आणि जेवायला बसले. बाहेर फाडकन आवाज झाला. त्यांच्या बायकोला वाटलं, गॅसच उडाला. बिचारी उष्ट्या हाताने रस्त्यावर पळाली. मग कळलं की उभ्या सायकलचा टायर फुटलाय. नवाकोरा, बसवून आठवडासुद्धा न झालेला.

मी रबर टेक्नॉलॉजिस्ट. शिरोली एमआयडीसीत रबराचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्याची लॅब रिटायर होईपर्यंत सांभाळली. आता राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, एक भिंग आणि रबराचा कडकपणा मोजायचं हार्डनेस गेज एवढं घेऊन बसते. कुणाचं ऑइल सील गळतं, कुणाचा पाइप चिरतो, ते घेऊन येतात. चूक कुणाची ते मी सांगते. बहुतेकांना ती दुसऱ्याची निघायला हवी असते.

माझा स्वभाव भित्रा आहे, आणि तो या धंद्यानेच केलाय. लोखंड आधी वाकतं, लाकूड करकरतं. रबर काही सांगत नाही. आज चांगलं दिसतं आणि उद्या जातं. त्यामुळे माझी मुलगी गाडी घेऊन निघाली की मी आधी टायरपाशी वाकते आणि ती वैतागते.

टायर दिसायला देखणा होता. रस्त्याला टेकणारा भाग काळा आणि बाजूची भिंत फिकट तपकिरी. पूर्वी रेसच्या सायकलींना असे टायर असायचे, आता ती फॅशन परत आली आहे. मी भिंत दोन अंगठ्यांनी वाकवली. बारीक बारीक चिरा उघडल्या, एकीला लागून दुसरी, आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या. मग टायर उलटा केला आणि दुसरी बाजू वाकवली. तिथे एक चीर नव्हती. गेज लावलं. पहिली बाजू कडक, दुसरी नव्यासारखी मऊ.

इथेच मी चहा बाजूला ठेवला. कंपनीची चूक असती तर ती दोन्ही बाजूंना दिसली असती. मिश्रण बिघडलं किंवा भट्टीत भाजणी चुकली, तर टायर सगळीकडून सारखाच वाईट निघतो. हा एकाच कुशीवर आजारी पडला होता.

"अण्णा, विकायच्या आधी हा कुठं होता?"

"दुकानात."

"दुकानात कुठं?"

"फुडं, काचंच्या खिडकीत. डिस्प्लेला लावलोय न्हवं."

"किती दिवस?"

"नव्या जागंत आल्यापास्नं. दोन उन्हाळं झालं की."

"दोन उन्हाळे उन्हात?"

"उन्हात कशाला ठेवू मी?" अण्णा दुखावले. "काचंच्या आत हाय म्हणतोय. ऊन भायेर."

मी चप्पल घातली आणि म्हणाले, "चला, दुकान दाखवा."

अण्णांचं जुनं दुकान मी पाहिलेलं होतं. अंधारी, लांबट, बोळासारखी जागा. टायर आत खोल माळ्यावर पडलेले असायचे, ते काढताना धूळ डोक्यावर सांडायची. नवं दुकान म्हणजे शोरूम. समोर जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि तोंड पूर्वेला. आम्ही पोचलो तेव्हा ऊन काचेतून थेट आत आलं होतं आणि त्या उन्हात तपकिरी भिंतीच्या टायरांची रांग टांगली होती. प्रत्येकाची एक बाजू काचेला जवळजवळ चिकटलेली. मी हात लावला. चटका बसला. मग हाताचा वास घेतला.

"अण्णा, हे रॉकेल कशाला?"

"अवसंला दुकान धुतोय न्हवं आमी. पूजा हुती, लिंबू बदलतोय. तवा टायरचीबी काचंकडची बाजू फडक्यानं पुसून घेतोय. त्यांच्यावर पांढरी बुरशी येती. रॉकेल लावलं की कशी लखलखीत हुत्यात बगा."

ते कौतुकाने सांगत होते.

सांगायचं तर गोष्ट सोपी आहे. हवेत ओझोन नावाचा वायू अगदी थोडा असतो, पण तो ताणलेल्या रबराला कुरतडतो. म्हणून टायर बनवताना रबरात मेण घालतात. ते मेण हळूहळू आतून वर येतं आणि पृष्ठभागावर पातळ थर धरतं. तो थर म्हणजे टायरचं पांघरूण. अण्णांची पांढरी बुरशी ती हीच. ती ते दर अमावास्येला रॉकेलने पुसून काढत होते. टायर आतून पुन्हा मेण पाठवायचा, अण्णा पुन्हा पुसायचे. शेवटी टायरकडे पाठवायला काही उरलं नाही.

राहिलं ऊन. काच उन्हातला कातडी भाजणारा भाग बराचसा अडवते. म्हणून काचेआड बसलं की आपल्याला बरं वाटतं. पण अल्ट्राव्हायोलेट किरणांचा दुसरा एक भाग आरपार येतो, आणि आत आलेली उष्णता कोंडून राहते. काळ्या टायरात काजळी घातलेली असते, ती हे किरण स्वतःवर घेते आणि रबर वाचवते. तपकिरी भिंतीत काजळी नसते, नाहीतर ती तपकिरी कशी दिसेल? त्या भिंतीचं रबरही पातळ. ते चिरलं की ऊन थेट आतल्या नायलॉनच्या दोऱ्यापर्यंत जातं. आणि टायरमधली हवा धरून ठेवतो तो दोरा. रबर नुसतं वरचं कापड.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कंपनीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

"या खिडकीतले आणखी कुणाला दिलेत?"

"एक जोडी एक पावणं घिऊन गेलं, मागल्या महिन्यात." अण्णांनी काउंटर घट्ट धरला. "आनि एक काल सांजच्याला बसवून दिलो. ऋतुजाला."

ऋतुजा कसबा बावड्याची. वडील साखर कारखान्यात फिटर. कॉलेजात शिकते आणि रेस मारते. निवड चाचणी जवळ आली होती. अण्णांचा तिच्यावर जीव. पोरगी चांगल्या टायरवर पळू दे म्हणून त्यांनी दुकानातली सर्वांत देखणी जोडी, खिडकीतली, स्वतःच्या हाताने तिच्या सायकलला चढवली होती.

"आत्ता कुठे असेल ती?"

"आयतवार हाय न्हवं." अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. "जोतिबाला गेली असंल. दर आयतवारी डोंगूर चढती."

"आणि उतरते," मी म्हणाले.

चढताना भीती नव्हती. चढाला सायकल हळू चालते, ब्रेक लागत नाही. उताराला मात्र पोरं सुसाट सुटतात आणि प्रत्येक वळणाला ब्रेक दाबतात. तिच्या सायकलचे ब्रेक रिमला घासणारे होते. रिम तापते, रिमबरोबर टायरमधली हवा तापते, हवेचा दाब वाढतो. आणि तो दाब धरायचा कुणी, तर दोन उन्हाळे भाजलेल्या दोऱ्याने. बँकवाल्यांचा टायर तर दुपारच्या नुसत्या उष्म्याने उभ्या उभ्या गेला होता. पुढचा टायर वळणावर फुटला तर हँडल हातात राहतं, पण सायकल ऐकत नाही. एका बाजूला दरी.

अण्णांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मग तिच्या वडिलांना लावला.

"ती पहाटंच गेली की अण्णा," पलीकडून आवाज आला. "फोन पिशवीत असतोय तिचा, सायलेंटला. का ओ? काय काम हुतं?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी नको म्हणून मान हलवली. घरात बसलेल्या बापाला हे ऐकवून काय होणार होतं?

"काय न्हाय, सहजच," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्ही अण्णांच्या व्हॅनमधून निघालो. दुकानाचं शटर त्यांनी ओढलं की नाही, मला आठवत नाही. पंचगंगेच्या पुलावर गर्दी, पुढे वडणग्याच्या फाट्यावर गर्दी. रविवार जोतिबाचा वार. जीप, टेम्पो, मोटरसायकली, सगळे डोंगराकडे निघालेले. अण्णा हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि कन्नडमध्ये पुटपुटत होते. दुकानात मी मॅडम होते, केर्लीच्या पुढे अक्का झाले.

"अक्का, हुतंय का न्हाय वो वेळंत?"

"रस्त्याकडं बघा."

"पोरीला काय झालं तर मी तिच्या बापाला तोंड कसं दाखवू?"

माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता, किती वळणं, किती ब्रेक, रिम किती तापेल. इतकी वर्षं मी फुटलेल्या वस्तू बघितल्या होत्या. सगळ्या टेबलावर, फुटून झाल्यावर. फुटायच्या आधी कुणाच्या मागे पळायची वेळ कधी आली नव्हती. मला ते सहन होत नव्हतं.

घाट सुरू झाला. वरून सायकलवाले यायला लागले होते. रंगीत कपडे, हेल्मेट, खाली घातलेली मान. मी चेहरे बघतच नव्हते, चाकं बघत होते. काळी, काळी, काळी. मग वरच्या वळणावर उन्हात दोन तपकिरी कडी चमकली.

"तीच," अण्णा म्हणाले आणि व्हॅन रस्त्यात आडवी घालायला निघाले.

मी त्यांचा हात धरला. "आडवी नको! घाबरून ब्रेक दाबेल. तेच नको आहे आपल्याला."

"मग काय करू?"

"कडेला घ्या. उतरा. हात खाली करून दाखवा, हळू म्हणून. ओरडू नका."

अण्णांनी व्हॅन कडेला घेतली. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो आणि तळहात खाली करून हवा दाबत राहिलो. एक धोतरातला म्हातारा आणि एक पांढऱ्या केसांची बाई. येणारे-जाणारे हसत होते. ऋतुजा वळण घेऊन आली. तिने अण्णांना पाहिलं. तिला वाटलं, अण्णा आपलं कौतुक करायला घाटात आलेत. तिने हँडलवरचा एक हात काढला, हसून वर केला आणि आमच्या समोरून सुर्रकन निघून गेली.

मला तिच्या पुढच्या चाकाची भिंत दिसली. फुगा आलेला होता, सुपारीएवढा. चाक फिरताना तो दर फेऱ्याला दिसत होता. हे मी अण्णांना सांगितलं नाही. ती खालच्या वळणाआड गेली.

व्हॅन वळवायला जागा नव्हती. अण्णा मागेपुढे करत होते. आणि तेवढ्यात खालून आवाज आला. एकच. फाडकन.

अण्णांनी इंजिन बंद केलं. का केलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. ते स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले. मी दार उघडलं आणि उताराने पळत सुटले. माझे गुडघे दुखतात, जिना चढताना मी दोनदा थांबते. त्या दिवशी मी घाटात पळाले आणि वळण येईपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त दरीच्या कडेचा तो बुटका कठडा.

वळणापलीकडे नारळ-गुलालवाल्याचं एक खोपट आहे. त्याच्यासमोर सायकल आडवी पडली होती आणि तिच्यापासून चार हात लांब ऋतुजा उभी होती. तोंडावर हात ठेवून. उभी होती. मी तिला खांद्यापासून कोपरापर्यंत चाचपलं. कुठेही लागलेलं नव्हतं.

"काय झालं ओ? कोण तुमी?" ती घाबरून विचारत होती.

"तू थांबलीस कशी?" मला एवढंच विचारता आलं.

"अण्णा हात करीत हुते न्हवं," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी, मुलाच्या थाटात. "पयल्यांदा वाटलं, शाबासकी देत्यात. मग वाटलं, मोठं माणूस घाटात येऊन हात करतंय, आनि मी न थांबता जातो हे बरं न्हवं. म्हणून हितं थांबलो. सायकल टेकवून वर चालत निघणार, तर फुडचा टायर फुटला."

ती सांगत होती त्यात आश्चर्य काही नव्हतं. सायकल थांबली की वारा लागायचा थांबतो आणि तापलेल्या रिमची सगळी उष्णता टायरमध्ये उतरते. पुष्कळ टायर असे थांबल्यावरच जातात. पण तो फुगा मी पाहिला होता. ती थांबली नसती तर पुढची दोन वळणंही त्याने काढली नसती.

मी खाली बसून फुटलेली भिंत उचकटली आणि आतला दोरा नखाने ओढला. जळून गेलेल्या वातीसारखा तो तुटून आला.

अण्णा वरून चालत आले. पोरगी उभी दिसली तसे ते रस्त्यातच मटकन बसले. ऋतुजा पुढे झाली तर त्यांनी तिचे हात धरले आणि मोठमोठ्याने रडायला लागले. देवाला निघालेल्या जीप हळू होऊन बघत होत्या. नारळवाल्याने पाण्याचा तांब्या आणून दिला. मग अण्णा उठले, सायकलपाशी गेले आणि मागच्या टायरची हवा सोडून दिली. ती पूर्ण जाईपर्यंत ते तिथेच वाकून उभे होते.

"काय चुकलं अण्णा? टायर तर नवा हुता," ऋतुजा म्हणाली.

"माझं चुकलं," अण्णा म्हणाले. "घरी जाताना सांगतो. तुज्या बापाम्होरं सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. बावड्यात तिच्या घरी, दारात उभं राहून, आत न येता. तिचे वडील "आत या, च्या घ्या," एवढंच म्हणाले.

दुपारी दुकानात परत आलो. अण्णांनी खिडकीतले सगळे टायर उतरवले आणि लोखंड कापायच्या करवतीने एकेकाचे दोन तुकडे केले. शेजारचा भंगारवाला आला होता. म्हणाला, कापताय कशाला, हातगाडीला चालतील की. अण्णांनी त्याच्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. नव्या दुकानातही मागे माळा होता, तिथले टायर मी तपासले. ते चांगले होते. उन्हाने त्यांना शिवलं नव्हतं, आणि माळा अडचणीचा म्हणून फडकंही तिथवर पोचलं नव्हतं.

मग मी पावण्याने नेलेल्या जोडीचं विचारलं.

"ते पावणं कुठलं?"

"खालतीकडचं. निपाणीच्या बाजूचं असंल. कन्नडबी बोलत हुतं."

"नाव?"

अण्णांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

आमच्याकडे ही एक रीत आहे. दुकानात अनोळखी माणूस आला की तो पावणं. त्याला बसायला स्टूल देतात, चहा मागवतात, पाऊस कसा काय, ऊस कधी गेला, पोरं काय करतात, सगळं विचारतात. अण्णांनी त्या माणसाला अर्धा तास बसवून घेतलं होतं. त्याच्या नातीला शाळेला उताराचा रस्ता आहे, हेसुद्धा त्यांना माहीत होतं. सायकल तिच्या मामाने दिलीय आणि टायर तिनेच फोटोत बघून हट्टाने तपकिरी मागितलेत, हेही. नाव तेवढं विचारलं नव्हतं. पावण्याला नाव कशाला लागतं?

अण्णांनी त्या मोठ्या काचेवर आतून कागद चिकटवला, मराठीत आणि कन्नडमध्ये. आमच्याकडून तपकिरी टायर नेले असतील तर चालवू नका, घेऊन या, नवे देतो. निपाणीच्या आठवडी बाजारात ते स्वतः दोनदा जाऊन आले, सायकलच्या दुकानांत सांगून आले. कागद वाचून बरीच माणसं आली. कुणाचे टायर काळे होते, कुणाचे दुसऱ्याच दुकानातले. अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांची नावं विचारली. तो माणूस त्यात नव्हता.

माझा रिपोर्ट दोन ओळींचा झाला. टायर अंधारात, थंड जागी ठेवावेत आणि पुसू नयेत. बनावटीत दोष आढळला नाही. तिसरी ओळ मी अण्णांना तोंडी सांगितली, की विकलेली वस्तू परत मागवायची वेळ येते, म्हणून गिऱ्हाइकाचं नाव विचारायला लाजू नये. ते हो म्हणाले.

ती शाळेत जाणारी मुलगी कोण, हे आम्हाला अजून माहीत नाही.